लाल पोटॅशचा लांबचा पल्ला

जठारपेठेत घर आणि अकोटकडे किंवा दर्यापूरकडे वावर, असे संसार अकोल्यात बरेच. हंगामाच्या तोंडावर तिथे डीएपीची चौकशी आधी होते, पोटॅशची मागाहून. काळ्या मातीत पालाश मुळातच भरपूर, हा समज जुना. संत्रा-केळीवाल्यांना तो परवडत नाही. फळाबरोबर पालाश दरवर्षी वावराबाहेर जातो.

तो परत आणायचा तर जहाजानेच. भारतात पोटॅशची एकही चालू खाण नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन अशा मोजक्या देशांवर सगळी मदार.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची यात थट्टाच झाली आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, पण त्या खारात जोर सोडियमचा. पोटॅशचा थर बसायला अख्खा समुद्र आटावा लागतो. लिटरभर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात पोटॅशियम जेमतेम ०.४ ग्रॅम. आधी जिप्सम तळाशी बसते, मग मीठ आणि पोटॅशचे क्षार अगदी शेवटी. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात हे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी घडले. वऱ्हाडाखालचा काळा पाषाण त्यामानाने कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा.

सस्कॅचेवानचा साठा १९४३ मध्ये तेलाचा शोध घेताना हाती लागला. काढणे मात्र सोपे नव्हते. एस्टरहेझी इथे थर सुमारे किलोमीटरभर खोल आणि वाटेत पाण्याने भरलेली वाळू. शेवटी भोवतालची जमीन गोठवून, ओतीव लोखंडाची कडी बसवत विहीर खाली नेली. १९६२ मध्ये उत्पादन सुरू झाले. पोटॅश पाण्यात विरघळते, म्हणून या खाणीचा खरा वैरी पाणीच. १९८५ पासून एस्टरहेझीत खारे पाणी झिरपत राहिले आणि २०२१ मध्ये तिथली दोन जुनी खाणकामे बंद करावी लागली. रशियातल्या बेरेझ्निकीची खाण तर २००६ मध्ये बुडाली. पुढच्या वर्षी वरची जमीन खचून प्रचंड खड्डा पडला.

गोणीतला लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मृत समुद्राचे पाणी वाफ्यांत आटवून काढलेले पोटॅश पांढरे असते. रंगावरून कस ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, पालाश दोन्हीत ६० टक्क्यांच्या आसपासच.

भावाचे गणित दूर ठरते. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची रेल्वेवाहतूक थांबवली आणि त्याच महिन्यात युक्रेन युद्ध पेटले. जानेवारी २०२१ मध्ये टनाला २४७ डॉलरने झालेला भारताचा आयात करार वर्षभरात ५९० डॉलरवर गेला.

देशी पर्याय आहे तो मळीचा. डिस्टिलरीतले स्पेंट वॉश नावाचे सांडपाणी जाळून उरलेल्या राखेचे खत २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान यादीत आले. पालाश १४.५ टक्के, म्हणजे पोटॅशच्या एका गोणीच्या जागी राखेच्या चार. वऱ्हाडात साखर कारखाने तुरळक. तेव्हा त्या चार गोण्यांचे भाडेही पश्चिम महाराष्ट्रापासूनच मोजावे लागेल.