हिवाळ्यातली डोंगरवाट आणि आपली गाडी : उतरलो म्हणजे चढूच असं नाही



पाऊस सरला, दिवाळी झाली, की कोल्हापूरकरांची पावलं पश्चिमेकडे वळतात. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, आंबा, राधानगरी, दाजीपूर. पूर्वी एसटीने जाणारी कुटुंबं आता स्वतःच्या गाडीने जातात आणि डांबरी रस्ता संपला की "जरा आत जाऊन बघू" असं कुणीतरी म्हणतंच. मागच्या सीटवर मुलं असतात. म्हणूनच कच्च्या डोंगरवाटेवर गाडी कशी चालते, हिवाळ्यात तिथे काय वेगळं घडतं आणि कुठे थांबावं, हे या पाठात समजून घेऊ. यातलं जवळजवळ सगळं शास्त्र आपण वर्गात शिकवतोच : घर्षण, उतरण, दव, धुकं.

आपल्याकडचा हिवाळा म्हणजे काय?

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण निसरडं व्हायला बर्फच लागतो असं नाही. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असतं. जमिनीची उष्णता वर निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं सांद्रीभवन होऊन दव पडतं. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून खाली दरीत साचते. म्हणून सकाळी वर पठारावर ऊन आणि खाली खोऱ्यात दाट धुकं, असं दृश्य दिसतं.

आता वाटेकडे बघा. मुरूम, सुटी खडी, जांभ्याचे दगड आणि त्यावर झाडांचा पाचोळा. ऊन लागलेला भाग कोरडा ठणठणीत आणि पुढच्याच वळणावर सावलीत ओला. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी पोचतं आणि तिथला ओलावा उशिरापर्यंत राहतो. एकाच वाटेवर शंभर पावलांत जमीन बदलते, हेच हिवाळ्याचं खरं वैशिष्ट्य.

थोडं गणित : पकड किती असते?

टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण म्हणजे गाडीची पकड. चढणं, थांबणं, वळणं ही तिन्ही कामं याच पकडीतून होतात. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक साधारण ०.७ धरतात. ओल्या पाचोळ्यावर किंवा चिखलाच्या पातळ थरावर तो ०.३ इतका खाली येऊ शकतो. हा आकडा जागेनुसार बदलतो, पण हिशोबासाठी हा धरू.

वेग ताशी २० किलोमीटर. ब्रेक लागल्यापासून गाडी किती अंतरात थांबेल?

- सपाट, कोरडं डांबर : सुमारे सव्वादोन मीटर
- सपाट, पण ओली वाट : सुमारे सव्वापाच मीटर
- तीच ओली वाट, १० अंशांचा उतार : सुमारे १३ मीटर
- तोच उतार, वेग मात्र ताशी ४० किलोमीटर : सुमारे ५२ मीटर

यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे मुलांना सूत्रातून कळतं, पण या १३ आणि ५२ मीटरमधून ते खरं उमगतं. डोंगरवाटेवर ५२ मीटर सरळ रस्ता मिळतो कुठे?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा : परत चढता येईल का?

आता दुसरा हिशोब. माणसांसह गाडीचं वजन १२०० किलो धरू. १० अंशांच्या उतारावर गुरुत्वबल गाडीला सुमारे २०८ किलोच्या ओढीने खाली खेचतं.

उतरताना ब्रेक चारही चाकांना लागतात. ओल्या वाटेवर चारही चाकांची मिळून पकड सुमारे ३५५ किलो. ती २०८ पेक्षा जास्त आहे, म्हणून गाडी सांभाळून उतरते. चालक म्हणतो, "काही अवघड नव्हतं."

पण बहुतेक घरगुती गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चढताना वजन मागे कलतं. पुढच्या चाकांवर ५५ टक्के वजन राहिलं असं धरलं, तर त्यांची पकड होते सुमारे १९५ किलो. लागतात २०८. म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणार, माती उडणार आणि गाडी वर येणार नाही. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी काही उपयोग नाही, कारण कमी पडतेय ती पकड.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे फोर बाय फोर गाडीला इथे खरा फायदा मिळतो. पण लक्षात घ्या, फायदा फक्त चढताना. उतरताना आणि थांबताना तिलाही तीच चार चाकं आणि तीच पकड. "माझी गाडी फोर बाय फोर आहे" म्हणून वेगात उतरणारा चालक गणितात चुकतोय.

म्हणून नवख्याने पाळायचा पहिला नियम : जो उतार परत चढता येईल याची खात्री नाही, तो उतरायचाच नाही. आधी गाडी वरच लावावी, पायी खाली जाऊन यावं. आपल्या चपला-बूट जिथे सरकतात, तिथे टायरही सरकणार.

गाडी चालवताना

गिअर. ज्या गिअरमध्ये आपण तो चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. कच्च्या वाटेवर बहुधा फर्स्ट. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून कधीही उतरू नये.

ब्रेक. हळुवार. चाक घट्ट अडकून घसरायला लागलं की स्थितिक घर्षणाची जागा कमी असलेलं गतिक घर्षण घेतं आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस असला तरी सुट्या खडीवर थांबायचं अंतर वाढू शकतं.

अ‍ॅक्सिलरेटर. चढावर एकसारखा, न झटकता. चाक जागेवर फिरायला लागलं तर जोर वाढवू नका, सोडा. जितकं फिरवाल तितका खड्डा खोल होतो. ब्रेकवर गाडी धरून, सरळ रिव्हर्सवर हळूहळू खाली या.

चाकोरी. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या येण्या-जाण्याने दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये गवताचा उंचवटा राहतो. साध्या छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १६५ ते १७० मिलिमीटर वर असतं. आपली वीत त्याहून मोठी असते. म्हणून मधला उंचवटा वीतभर उंच दिसला, तर गाडी पुढे नेऊ नये. पोट टेकलं की चाकांवरचं वजन कमी होतं आणि पकडही जाते.

हात. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवून ठेवू नयेत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटकन फिरतं.

माणसं. वाट दाखवायला कुणी उतरलं तर त्याने गाडीच्या उताराकडच्या बाजूला कधीच उभं राहू नये. मुलांना तर अजिबात उभं करू नये.

समोरून गाडी आली तर. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, २०१७ मध्ये आहे. कारण वरच्या हिशोबातच आहे : चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं अवघड.

उदाहरण : दाजीपूर

राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूर कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, त्या जलाशयाच्या वरच्या अंगाचं हे जंगल. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला. आज क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. पावसाळ्यात बंद असलेली आतली कच्ची वाट पाऊस सरल्यावर खुली होते. वनविभागाची परवानगी घेऊन, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वाटेनेच जायचं असल्यामुळे ती नवख्यालाही झेपते. तरी वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहेच. गवा वाटेवर आला तर लांब थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही, उतरायचं नाही. वाट त्याची आहे.

खरा धोका मात्र पुष्कळदा जंगलाच्या आधी असतो. हिवाळा म्हणजे आपल्याकडे गळीत हंगाम. हळदी, परिते, राधानगरी या वाटेवर पहाटेच्या धुक्यात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवावा, कारण अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. त्याहून बरं म्हणजे ऊन पडल्यावरच निघावं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत अंधार त्याआधीच होतो, म्हणून परतीची वेळ निघतानाच ठरवावी.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयने घटतो. बरोबर पाणी, हवा भरलेली स्टेपनी, दोर, टॉर्च आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे असावेत. डोंगरात मोबाइलला रेंज नसते. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून जा.

वाट सोडायची नाही

"ऑफ-रोड" या शब्दाने एक गैरसमज होतो. कच्च्या वाटेने जाणं वेगळं आणि वाट सोडून पठारावर गाडी घालणं वेगळं. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. हिवाळ्यात सडा वाळलेला, ओसाड दिसतो. पण श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या वनस्पतींचं बी आणि कंद त्याच मातीत झोपलेले असतात. चाकाखाली ती माती दबली, की पुढच्या वर्षी तिथे फुलांऐवजी दोन उघडे पट्टे दिसतात. शिवाय वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटू शकतं आणि वणवा लागायला तेवढं पुरतं.

आणि पालकहो, "इथे कोण बघतंय" म्हणून मुलाच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. लोकांच्या वापराची वाट कच्ची असली तरी कायदा तोच. अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

वर्गात करून पाहू

एक फळी, एक वही, कोनमापक. वही फळीवर ठेवून फळी हळूहळू उचला. वही सरकू लागली की कोन मोजा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षण गुणांक. मग फळीवर ओली पानं पसरून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा :

१. हा उतार डोंगरात असता, तर आपण गाडी खाली नेली असती का?
२. उतरताना चार चाकं आणि चढताना दोन चाकं, यात नेमका फरक कशाचा?
३. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट का द्यावी?

पहिल्या प्रश्नाला जो मुलगा "आधी चालत जाऊन बघू" असं उत्तर देईल, त्याला पाठ समजला.