दहा लाखांत एक अळी

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेली पोरं हार्डी-वाइनबर्गचं समीकरण परीक्षेपुरतं पाठ करतात. १९०८ सालचं हे गणित तसं सोपं आहे. एखाद्या जनुकाचं वेगळं रूप हजारांत एक या प्रमाणात असेल, तर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तेच रूप आलेला जीव हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. प्रश्न सुटला, गुण मिळाले. मात्र याच आकड्यावर घरच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, भवितव्य टांगलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तर तो आकडा शेतात उतरवू. चार बाय दीड फुटांवर लावणी केली की एकरात ७,२६० झाडं बसतात. झाडाला २० हिरवी बोंडं धरली तर १,४५,२०० बोंडं. त्यांतल्या दहा टक्क्यांत गुलाबी बोंडअळी शिरली, तर एकरी १४,५२० अळ्या. दहा टक्के म्हणजे आता फवारा, असं कृषी विभाग सांगतो ती पातळी. बीटी कापसातलं अळीमारक विष पचवणारं जनुकरूप हजारांत एक असेल, तर ते दोन्हीकडून मिळालेली, विषाला न जुमानणारी अळी सरासरी ६९ एकरांत एकच सापडेल. अगदीच दुर्मीळ वाटते ना? पण दहा हजार एकर धरले की अळ्या होतात १४ कोटी ५२ लाख आणि त्यांत अशा १४५.

मादी पतंग दीडशेच्या आसपास अंडी घालते आणि उन्हाळी-पावसाळी हवेत पिढी साधारण महिन्याची. निम्म्या माद्या धरल्या आणि एकही मेली नाही असं मानलं, तर एकीच्या पाचव्या पिढीत २३७ कोटी माद्या होतात. प्रत्यक्षात बहुतेक मरतातच, म्हणून तर आपण अजून कापूस वेचतो.

खरी गंमत जोडीदारात आहे. विष पचवणाऱ्या पतंगाला साधा पतंग भेटला, तर पोरांना ते रूप एकाच बाजूने मिळतं आणि ती बीटी बोंडात मरतात. म्हणून साधे पतंग मुद्दाम पोसायचे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी येत असे, ती यासाठीच. नियम होता वीस टक्के क्षेत्राचा किंवा कडेच्या पाच ओळींचा, त्यांत जे जास्त असेल ते. कागदावरचं गणित असं की, वीस टक्के आश्रय-पीक, म्हणजे ही बिगर-बीटी सरकी, लावलं तर ते रूप बहुसंख्य व्हायला साधारण २५० पिढ्या, म्हणजे वर्षाला पाच पिढ्या धरून ५० वर्षं लागतात. एकच टक्का लावलं तर दहा पिढ्या, म्हणजे दोन हंगाम. काहीच लावलं नाही तर एक पिढी पुरे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती १२० ग्रॅमची पुडी धुऱ्यावरच राहिली. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. अळीला खायला म्हणून पाचवा हिस्सा शेत सोडा, असं सांगायचं आणि बदल्यात छदामही द्यायचा नाही, हे कुणाला परवडेल?

बीटीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. २००६ मध्ये दोन विषांचं वाण आलं. पहिल्या विषाला दाद न देणारी अळी गुजरातेत सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, २०१४-१५ पर्यंत दुसरंही विष बोथट झालं आणि २०१७ मध्ये विदर्भात कापसाची कवडी झाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी आणखी एक गोम दाखवली होती. आपलं बियाणं संकरित. त्यामुळे बोंडातल्या सरक्यांत मेंडेलचं ९:३:३:१ उतरतं. ३२ सरक्या धरल्या तर सरासरी १८ मध्ये दोन्ही विषं, सहा-सहांत एकेक आणि दोन अगदी बिनविषाच्या. एकाच बोंडात अळीला हलका डोसही मिळतो आणि फुकटचं जेवणही.

जनुकाकडे पाहिलं तर डोकं चक्रावतं. अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला विष चिकटतं. भारतातल्या अळ्यांत या जनुकाची आठ बिघडलेली रूपं सापडली आणि त्या आठांपासून १९ तऱ्हेचे संदेश तयार होत होते, असं २०१४ च्या शोधनिबंधात नोंदलं आहे. एकाच विषातून सुटायच्या इतक्या वाटा! 

अमेरिकेच्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रय-पीक नेटाने लावलं. पुढे २००६ ते २००९ दरम्यान विमानांतून दोन अब्ज नपुंसक पतंग सोडले. २०१८ मध्ये ही अळी अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. आपल्याकडे विमानं नाहीत, पण डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटता येते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी पऱ्हाटी, ठेवली की अळीला फुकटात एक-दोन पिढ्या जास्तीच्या मिळतात.

पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्यांनो, बोंडं धरली की दर आठवड्याला एकरातून कुठलीही वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोन सरक्या चिकटलेल्या आणि आत गुलाबी अळी दिसली की मोजा. विसांत दोन बोंडं किडकी निघाली तर घरी सांगा आणि वर्षभराचे आकडे वहीत लिहून ठेवा.