गोळी तीच नव्हे

आपण काडतुसालाच गोळी म्हणतो. बोलताना ते चालते, पण आज जरा फोड करून पाहू. काडतूस हा चौघांचा संसार आहे: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, पुंगळी मागे राहते. ती पुन्हा भरता येते, आणि अमेरिकेत पुष्कळ शिकारी घरी बसून ती भरतात. (आपल्याकडे हे कोणी करून पाहू नये. परवान्यावाचून काडतुसे तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि हौशी शिकार तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी संपवली.)

अशा माणसाला एक मोह हमखास पडतो. सरावाची गोळी स्वस्त, शिकारीची महाग. वजन दोन्हींचे १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. मग स्वस्तातली का घालू नये?

तर ऐका. सरावाच्या साध्या गोळीचे शिसे टोकापर्यंत तांब्याच्या मिश्रधातूने मढवलेले असते. पुठ्ठ्याला भोक पाडले की तिचे काम झाले. शिकारीच्या गोळीचे टोक बहुधा उघड्या मऊ शिशाचे असते. अंगात शिरताच ते आळंबीसारखे फुलते आणि जनावर लवकर मरते. मढवलेली गोळी पुष्कळदा फुलत नाही, आरपार जाते. जनावर पळते, कुठेतरी झाडीत पडते आणि तासन् तास तडफडते. म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांत मोठ्या शिकारीला ती वापरणे बेकायदा आहे. जखमी जनावर निसटले तर काय होते, हे कुमाऊँने भोगले आहे. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीची शिकार तिला झेपेना. तिच्या नावावर ४३६ माणसे आहेत.

नेमबाजीच्या स्पर्धेतली गोळी आणखी फसवी. तिच्या टोकाला बारीक छिद्र असते, आणि पाहणाऱ्याला वाटते, ही फुलणारच. पण ते छिद्र फुलण्यासाठी ठेवलेले नसते! गोळीचे बूड सारखे आणि बिनचूक यावे म्हणून कवच बुडाकडून टोकाकडे ओढतात; छिद्र उरते ते त्यामुळे. अंगात शिरल्यावर ती कधी सरळ निघून जाते, कधी वरच्यावर फुटते. भरवसा नाही.

आता दारूचे. वजन सारखे असले तरी लांबी, कवचाचा कठीणपणा आणि नळीला घासणारा भाग निराळा असतो, म्हणून दाबही निराळा पडतो. १९०६ सालच्या प्रसिद्ध अमेरिकन तीस कॅलिबरच्या काडतुसाला दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात तीसेक पौंड असतात, यावरून अंदाज करा. हा दाब धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. एका गोळीसाठी ठरवलेली दारू दुसरीला तशीच घालायची नाही. कारखान्याच्या पुस्तकात त्या गोळीसाठी दिलेल्या सर्वांत कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची.

मग स्वस्त गोळी टाकून द्यायची काय? मुळीच नाही. श्वास रोखणे, चाप हळू ओढणे यांची तालीम तिच्यावरच करावी. मात्र हंगामाआधी शिकारीच्या गोळीचे दहा-पाच बार निशाणावर काढावेच लागतात, कारण त्याच रायफलीतून ती बहुधा दुसऱ्याच जागी लागते.