‘पलाश’ शब्दाचा अर्थनिर्णय

पोथ्यांची सूचि करतांना ‘पलाश’ हा शब्द आला कीं संग्राहक बहुधा ‘पळस’ असा अर्थ लिहून मोकळे होतात. हा अर्थ नेहमींच खरा ठरत नाहीं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत ‘पलाश’ आणि ‘पर्ण’ हे दोन्ही शब्द दोनदां येतात: एकदां पानाच्या पर्यायांत, पुन्हां किंशुक म्हणजे पळस या वृक्षाच्या पर्यायांत. तेव्हां कोणता अर्थ घ्यावयाचा तें वस्तूच्या उपयोगावरून ठरवावें, असें आमचें मत आहे.

यज्ञपात्र, समिधा किंवा दंड यांचा प्रसंग असेल तर वृक्ष समजावा. तैत्तिरीय संहितेंतील ‘पर्णमयी जुहू’ ही पानांची नव्हे, पळसाच्या लांकडाची पळी होय. मनुस्मृतींत ब्राह्मण बटूस बेलाचा किंवा पळसाचा दंड विहित आहे. वैद्यकाच्या पोथींत कृमींवर ‘पलाशबीज’ सांगितलें असेल तेथेंहि वृक्षच घ्यावा. पानाला बीं कोठून असणार? पळसाच्या शेंगेंत बीं एकच असतें, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’, म्हणजे एकबीजी, म्हणतात. याउलट ‘पद्मपलाश’ यासारख्या समासांत पळसाचा कांहींच संबंध नसतो. तेथें कमळाचें पान किंवा पाकळी अभिप्रेत असते.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. शब्द नसतो, पण वृक्ष असतो. नागपुरास इतवारीसारख्या जुन्या पेठेंत एकाच पळसाच्या जिनसा निरनिराळ्या दुकानीं विखुरतात: पानांच्या पत्रावळी एकीकडे, बीं व तांबडा डिंक काष्ठौषधींत, आणि पोकळ दागिन्यांत भरावयाची लाख सराफाकडे. जुन्या जमाखर्चाच्या वहींत ‘डिंक’, ‘लाख’ एवढेंच लिहिलेलें असेल, तर वृक्षाचें नांव कळणार नाहीं. तेथें तर्क बेतानेंच करावा. लाखेचा किडा पळसाप्रमाणें कुसुंबावर आणि बोरीवरहि पोसतो. म्हणून शाईच्या कृतींत काजळाबरोबर ‘लाक्षा’ आढळली तरी ती पळसाचीच, असें म्हणतां येत नाहीं.

‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण वृक्षापुरती सर्वत्र खरी आहे, शब्दापुरती नाहीं. यास्तव सूचिकारांस आमची विनंति एवढीच कीं, मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि अर्थ शेजारीं, कारणासह, वेगळा द्यावा. सूचींतील चूक पुढील संपादक प्रमाण मानतात. पोथी पुन्हां सोडून पाहणारा विरळाच.