चढावर दमलेली गाडी आणि न मोजता बदललेले भाग

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. पुण्याहून आलेल्या आईवडिलांना कटूंबा दाखवायला तो टूनगॅबीहून निघाला होता. एम-४ महामार्गावरून पेनरिथ मागे टाकून नेपियन नदी ओलांडेपर्यंत सारे सुरळीत होते. लॅपस्टोनचा चढ सुरू झाला आणि गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग वाढेना, इंजिन गचके देऊ लागले, आणि समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. मागून मालट्रक येत होते. कशीबशी कडेला गाडी घेऊन त्याने मला विचारले, "मामा, गाडी मिसिंग मारतेय. अशीच हळूहळू वर नेऊ का?"

नेऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. त्यामागचे कारण पुढे येईलच. गाडी ओढून परत आणावी लागली. ती २००७ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी साधी गाडी. विद्यार्थी असताना त्याने ती जुन्या बाजारातून घेतली होती. आज तो रुग्णालयात पाळीने काम करतो. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचायचे तर गाडीवाचून त्याला गत्यंतर नाही. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी घरांत अशी एक तरी गाडी असतेच. तिची किंमत फारशी नसते, पण महिन्याचे सारे गणित तिच्यावर उभे असते. त्यामुळे ती रुसली की प्रश्न नुसता यंत्राचा राहत नाही. आणखी पैसे घालायचे की भंगारात द्यायची, हे कुठल्या आधारावर ठरवायचे, असा तो प्रश्न असतो.

न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी नूतनीकरणापूर्वी दरवर्षी तपासणी होते. आपण तिला 'पिंक स्लिप' म्हणतो. ही तपासणी मुख्यतः सुरक्षिततेची असते. ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, सीटबेल्ट असे सारे त्यात पाहिले जाते. भाच्याची गाडी तीन आठवड्यांपूर्वीच या तपासणीत उत्तीर्ण झाली होती, आणि त्यामुळे तो निर्धास्त होता. ती स्लिप इंजिनाच्या प्रकृतीची ग्वाही देत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

'गाडीला पिकअप नाही' हे आपले नेहमीचे वाक्य. वैद्याकडे जाऊन 'बरे वाटत नाही' एवढेच सांगावे, तसे ते आहे. त्रास थंड इंजिनाला होतो की तापल्यावर? सिग्नलवर उभे असताना, की चढावर? गचके बसतात, की नुसती ताकद कमी पडते? या प्रश्नांच्या उत्तरांनीच निम्मे निदान होते. त्याआधीचा एक प्रश्न तर बहुतेक जण विचारतच नाहीत : दोष खरोखर इंजिनातच आहे का? इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर संशय क्लच किंवा गिअरबॉक्सवर घ्यावा. थोडे अंतर चालवल्यावर एकाच चाकाजवळ विलक्षण उष्णता जाणवली, तर तिथला ब्रेक अडकून बसलेला असतो. गाडी बिचारी तो ओढत असते आणि दोष इंजिनाला लागतो.

इंजिनाला चारच गोष्टी लागतात : हवा, इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. माझ्या लहानपणी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी गाड्या सर्वत्र होत्या. त्यांचे १०८९ सीसीचे इंजिन या चारही गोष्टी उघड्यावर मांडून बसलेले असे. चोक ओढायचा, कार्बोरेटर उघडून जेट फुंकायचे, पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे. बोर घाटात उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की इंधनपंपावर ओले फडके ठेवायचे. तो उपाय अडाणी वाटतो, पण शास्त्रशुद्ध होता. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा द्रव होई. त्या गाडीत दोष असला तर तो लगेच जाणवे, कारण तो झाकणारे कोणी नव्हते.

इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत मात्र संगणक बसलेला असतो, आणि तो दोष सांभाळून घेतो. साधारणपणे एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखणे हे त्याचे काम. आत किती हवा आली हे हवामापक सेन्सर सांगतो, आणि जळल्यानंतर धुरात किती ऑक्सिजन उरला हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो. उरलेला ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक पेट्रोल वाढवतो, कमी दिसला की घटवतो. कुठेतरी बारीक गळती असली तरी महिनोन्महिने तो अशी डागडुजी करत राहतो आणि चालकाला काही कळत नाही. त्याची दुरुस्तीची मर्यादा संपते तेव्हा पिवळा दिवा लागतो. म्हणजे दिवा आज लागला, तरी दुखणे आजचेच असेल असे नाही.

हा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करत असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ असा, की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. ते तप्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळवू शकते. 'नेऊ नकोस' म्हणण्याचे कारण हेच होते. काहीशे डॉलरची दुरुस्ती पुढच्या वीस किलोमीटरमध्ये हजारोंची होऊ शकते.

पहिल्या गॅरेजमध्ये संगणकातून तीन कोड निघाले. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम अपुरे. मिस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसले, दिवा विझला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लागला. मग सांगण्यात आले की आता कन्व्हर्टरच बदलावा लागेल, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. जखम मांडीला, मलम शेंडीला. ऑक्सिजन सेन्सर खरे तेच सांगत होता, की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. म्हणजे दवंडी देणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले गेले. कोड हा भागाच्या खरेदीची यादी नव्हे. शोध कुठे सुरू करायचा, एवढेच तो सांगतो.

आम्ही मग साधा कोडवाचक आणला. साधारण २००६ पासूनच्या येथील पेट्रोल गाड्यांत सुकाणूखाली त्यासाठी प्रमाणित जोडणी असते, आणि मोबाइलशी जोडता येणारे वाचक स्वस्तात मिळतात. बहुतेक लोक त्यावर कोड पाहतात आणि पुसतात. पुसू नये. कोडसोबत त्या क्षणीचे तापमान, फेरे आणि भार यांची नोंद साठलेली असते. कोड पुसला की तीही जाते, आणि हातचा पुरावाच नाहीसा होतो.

खरी माहिती 'फ्युएल ट्रिम' या आकड्यात असते. संगणक आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवत किंवा घटवत आहे, तो हा आकडा. उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सामान्यतः चिंता नसते. आमच्या गाडीत, इंजिन तापलेले आणि गाडी उभी असताना, तो अधिक २१ होता. मग भाच्याला इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० वर स्थिर धरायला सांगितले. आकडा उतरत उतरत ४ वर आला.

या एका उतरणीने पुष्कळ काही सांगितले. फुलपात्रभर ताकात पळीभर पाणी पडले तर ताक पांचट होते. तेच पळीभर पाणी हंडाभर ताकात पडले तर कळतही नाही. गाडी उभी असताना इंजिन फार थोडी हवा ओढते, म्हणून हवामापकाला चुकवून आत शिरलेली चोरटी हवा मोठी ठरते. फेरे वाढले की एकूण हवा वाढते आणि चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो. म्हणजे हवामापकाच्या पुढे कुठेतरी रबरी नळी फाटलेली किंवा गॅस्केट सुटलेले असणार. याउलट, आकडा फेऱ्यांबरोबर चढत गेला असता तर संशय मळलेल्या हवामापकावर किंवा दुबळ्या इंधनपंपावर गेला असता. (काही गाड्यांत हवामापकाऐवजी दाबमापक असतो. तिथे हा आडाखा असा सरळ लागू पडत नाही.) दुसऱ्या, अनुभवी मिस्त्रीने धूर सोडून तपासणी केली तेव्हा इनटेक मॅनिफोल्डखालच्या करंगळीएवढ्या नळीतून धूर निघाला. नळी कडक होऊन तडकली होती. घरी ही गळती शोधायला काही जण तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारतात. तो आगीशी खेळ आहे. तसेच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पण फाटक्या नळीने चढावरचे गचके समजत नव्हते. ती गळती तर भार वाढल्यावर क्षीण होणारी. जुन्या गाडीत एका वेळी दोन दुखणी असू शकतात, हे मान्य करायला आपले मन तयार नसते. एकच कारण सापडावे आणि सारे मिटावे, असे वाटते. म्हणून पी ०३०२ कडे वेगळे पाहिले. या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल आहे. इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची दुसऱ्यावर बसवली. जुना कोड टिपून घेतला होताच. तो पुसला आणि गाडी थोडी फिरवून आणली. नवा कोड आला पी ०३०३. दुखणे कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरवर गेले, म्हणजे दोष कॉइलचाच. ते जागचे हलले नसते तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांकडे वळावे लागले असते. या चाचणीचा खर्च शून्य.

कॉइल सपाट रस्त्यावर गप्प आणि चढावर का बोलली? ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा अधिक भरते. दाबलेल्या, दाट वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल नेमकी तिथेच हरते. झिजून फट वाढलेला प्लगही हेच करतो. प्लग काढलेच आहेत तर त्यांची टोके पाहावीत. फिकट तपकिरी असणे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे आत इंजिन ऑइल येत आहे, आणि पांढरेफटक टोक म्हणजे मिश्रण विरळ किंवा उष्णता अधिक.

उंचीचा प्रश्न भाच्यानेच काढला. कटूंबा सुमारे १००० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या निरोगी गाडीचीही तेवढी ताकद तिथे कमी होते. पण लॅपस्टोन तर चढाचा पायथा. तिथे उंचीला दोष देता येत नाही.

पेट्रोलवर मात्र दोष देण्याची घाई सर्वांनाच असते. येथे ई-१० स्वस्त म्हणून आपण भरतो. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-१० वर खप साधारण तीन टक्के वाढतो. गाडी घाट चढताना बसकण मारते, ती त्याने नव्हे. तथापि १९८६ पूर्वीच्या गाड्यांत ते सहसा वापरू नये, आणि नंतरच्याही प्रत्येक गाडीला ते चालते असे गृहीत धरू नये. टाकीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत पाहावे. भारतात आता ई-२० सर्वत्र आहे. गावी आईवडिलांकडे जुनी गाडी असेल तर तिथेही हेच पाहून घ्यावे. ९५ ऑक्टेनसाठी बनलेल्या गाडीत ९१ भरले तर चढावर ठोके टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे सारतो आणि ताकद घटते. ९१ च्या गाडीत ९८ भरून मात्र सहसा काही हाती लागत नाही.

चौथी गोष्ट दाब, आणि भंगाराचा निर्णय खरा तिथे होतो. नळी, कॉइल, प्लग या वरवरच्या गोष्टी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले तर इंजिन उघडावे लागते, आणि स्वस्त गाडीत तो खर्च क्वचितच परवडतो. म्हणून मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी कॉम्प्रेशन चाचणी मागून घ्यावी. आकडे गाडीगणिक वेगळे असतात. पाहायचे ते हे, की चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा असण्याची शक्यता मोठी, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासायचे. भाच्याच्या गाडीचे चारही आकडे जवळजवळ सारखे आले. त्या क्षणी गाडी ठेवायची, हे नक्की झाले.

गॅरेजमध्ये काय बोलावे, हेही यावरून ठरते. 'सेन्सर बदला' असे आपण सांगितले तर तो बदलला जातो आणि जबाबदारी आपली राहते. लक्षण सांगावे, निदानासाठी वेगळे पैसे देण्याची तयारी दाखवावी, आणि हा भाग दोषी आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरले, ते विचारावे. काढलेला भाग परत मागावा. या राज्यात गाडी दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि वाद उद्भवला तर फेअर ट्रेडिंगकडे तक्रार करता येते. आपण बहुधा तिथवर जात नाही, कारण इंग्रजीत वाद घालण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे सोपे वाटते.

नळी, एक कॉइल आणि चार नवे प्लग, मजुरीसह, कन्व्हर्टरसाठी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शात झाले. पी ०४२० चे काय, हा प्रश्न उरला होता. मिसफायर चालू असताना कन्व्हर्टरविषयीच्या कोडवर विसंबता येत नाही, म्हणून मिस्त्रीने थांबायला सांगितले. संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवसांची मिश्र धाव लागते, थोडी शहरातली, थोडी महामार्गावरची. ताई आणि भावोजी परत जाण्यापूर्वीच्या शनिवारी ती धाव कटूंबाच्याच वाटेवर झाली. लॅपस्टोनला भाच्याने नकळत श्वास रोखून धरला होता, असे ताईने नंतर सांगितले. उभ्या गाडीतला ट्रिम आता अधिक ३ दाखवतो. पी ०४२० त्यानंतर आलेला नाही.