बोटीवरची पोटं का वाढली?



मोसमाआधी लाईफ जॅकेटं तपासताना यंदा एक गोष्ट आमच्या नजरेस आली. जॅकेटं चांगली होती, पण चार-पाच जणांच्या पोटावर पट्टाच लागेना. हसाहस झाली. पण पट्टा न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगातून निसटतं, आणि जड माणसाला बोटीवर ओढून घ्यायला दोघेजण पुरत नाहीत. म्हणून आज डिझेल-बर्फाचा विषय बाजूला ठेवून वजनाबद्दल लिहितो आहोत.

आपले वाडवडील आपल्याहून कमी जेवत नव्हते. सकाळी पेज, दुपारी ताट भरून शीत आणि हुमण. पण वल्हं हातानं मारायचं, रापण खांद्यानं ओढायची. आता इंजिन आहे, जाळं विंच ओढते, अंगमेहनत परराज्यातले खलाशी करतात आणि मालक स्कूटरवरून जेटीवर येतो. आपल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव चालायच्या, आता टेंपो आहे. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, ते परत यावेत असं कोणी म्हणणार नाही. ताट मात्र तेवढंच राहिलं.

त्यात आपली बंदी. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. या दिवसांत रोज फक्त 200 कॅलरी जादा गेल्या, म्हणजे संध्याकाळचा एक भजी-पाव, तरी ढोबळ हिशोबानं दीड किलो वजन चढतं. ऑगस्टमध्ये बोट उतरते, वजन उतरत नाही. मग पुढचा पावसाळा येतो.

बियरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, अडीच-तीन चपात्यांएवढ्या. थंड पेयाच्या लहान बाटलीत सहा चमचे साखर. रात्रीची मासेमारी करणाऱ्यांची झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनं भूक वाढते हे डॉक्टरही सांगतात. काहींच्या घराण्यातच जाडपणा असतो. काहींना थायरॉइड असतो, बायकांना पीसीओएस, कोणाला स्टेरॉइडची औषधं चालू असतात. तेव्हा जाड माणूस दिसला की "खादाड" म्हणून मोकळं होऊ नका.

किती वजन म्हणजे जास्त? आपल्या लोकांत कमी वजनावरच मधुमेह सुरू होतो, म्हणून भारतीयांसाठी माप कडक आहे. बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त, 25 च्या वर लठ्ठपणा. साडेपाच फुटांच्या आतबाहेर, म्हणजे 165 सेंटिमीटर उंची असेल, तर 68 किलोच्या वर गेलात की लठ्ठ. वाचून दचकलात ना? आम्हीही दचकलो. त्याहून सोपी कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, पोट आत न ओढता. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची 80 च्या. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो.

पोटातल्या चरबीनं साखर, रक्तदाब, हृदयविकार, फॅटी लिव्हर मागे लागतात, गुडघे जातात, काही कॅन्सरचा धोकाही वाढतो. पण आपल्या धंद्यात सगळ्यात दुर्लक्षित आहे ते घोरणं. जाड मानेच्या माणसाचा झोपेत श्वास अडतो, रात्रभर झोप लागत नाही, आणि तोच माणूस पहाटे सुकाणूवर पेंगतो. बोटीवर सात माणसं असतात. कोणी जोरात घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल, तर घरच्यांनीच त्याला डॉक्टरकडे न्यावं. त्याला स्वतःला ते कळत नाही.

उपाय आहे, आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. 90 किलोच्या माणसानं पाच-सहा किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडू लागतो. मासे सोडायचे नाहीत. बांगडा, तारली उत्तम. रव्यात घोळून तळण्याऐवजी हुमण करा किंवा भाजा. शीत निम्मं करा, त्या जागी तांबडी भाजी, वाल, तेंडली. रक्तदाब असेल तर खारे सुके मासे कमी. बंदीच्या दिवसांत रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. जाळी विणणं हे बसून केलेलं काम, ते व्यायामात धरू नका.

तेवढ्यानं भागलं नाही तर औषधं आहेत. सेमाग्लुटाईड, टिर्झेपॅटाईड ही आठवड्याची इंजेक्शनं भूक कमी करतात. ती महाग आहेत, मळमळ होते, बंद केली की वजन बऱ्याचदा परत येतं, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. वजन फारच वाढलं असेल तर जठराची शस्त्रक्रियाही होते. मोबाइलवर येणाऱ्या "पंधरा दिवसांत दहा किलो" वाल्या पावडरींवर एक रुपया घालू नका. साखरेची गोळी चालू असलेल्यांनी उपास सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारावं, समुद्रात साखर उतरली तर दवाखाना लांब असतो.

तिशीवरच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासतात. संस्थेच्या कार्यालयातही टेप ठेवली आहे. बर्फाची पावती घ्यायला याल तेव्हा कंबर मोजून जा. आकडा आम्ही वहीत लिहिणार नाही, घरी जाऊन तुम्हीच लिहून ठेवा. बायकांसाठी मोजणारी बाईच असेल.