पटावरील मूर्ती आणि हातातील दशावतार

खेळ म्हटला म्हणजे जय आणि पराजय हे दोनच शब्द सामान्यतः मनात येतात. परंतु खेळाचे साहित्य घडविणारा कारागीर जिंकतही नाही आणि हरतही नाही. बुद्धिबळाचा उंट कोणी कातला, सोंगटीवरची तांबडी रेघ कोणी ओढली, हे खेळणाऱ्याच्या ध्यानातही नसते. त्याला कळते ते एवढेच, की आपले मोहरे कोणते आणि प्रतिपक्षाचे कोणते. हे एका दृष्टिक्षेपात कळावे हेच त्या कारागिराचे खरे यश होय.

या कारागिरीचे एक नवे रूप आज मोठ्या शहरांतून छंद म्हणून पाहावयास मिळते. बेंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी १८८२ साली युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेस शेतीसाठी सुमारे चार हजार एकर जमीन दिली. त्या संघटनेचे पुढारी व्हाइट यांच्यावरून या गावाला हे नाव पडले. मधोमध वर्तुळाकार हिरवळ आणि तिच्याभोवती बंगले अशी त्या मूळ गावाची रचना होती. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे संगणक-उद्योग आला, उंच इमारती उठल्या आणि देशाच्या सर्व प्रांतांतील तरुण तेथे राहावयास आले. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ आहेत. दिवसभर पडद्यापुढे बसून डोळे शिणविणारा असा एखादा तरुण रात्री दिव्याखाली पुन्हा डोळे ताणून बसतो. त्याच्या हातात बोटाच्या पेरांएवढी एक मूर्ती असते आणि दुसऱ्या हातात बारीक कुंचला असतो.

ही मूर्ती पटावरील खेळाची असते. पश्चिमेकडे शिशाचे सैनिक मांडून लुटुपुटीची युद्धे खेळण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिटन्स या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्याची रीत काढली, त्यामुळे ते हलके आणि स्वस्त झाले. १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रख्यात लेखकाने अशा सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. पुढे १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हे खेळ निघाले, आणि सैनिकांच्या जोडीला राक्षस, मांत्रिक, बुटके वीर अशी सारी अद्भुत सृष्टी पटावर अवतरली. शिसे विषारी म्हणून मागे पडले, त्याची जागा कथिलाच्या मिश्रधातूने आणि मग प्लॅस्टिकने घेतली. माणसाची मूर्ती बहुधा २८ मिलिमीटरची, म्हणजे इंचाहून किंचित अधिक उंचीची असते. पेटीतून ती पुष्कळदा करड्या रंगात, सुट्या तुकड्यांत येते. ती जोडावयाची आणि रंगवावयाची, हा खेळाइतकाच किंवा त्याहूनही मोठा उद्योग होऊन बसतो.

या रंगकामाचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची बारीक रेघ राहते, ती प्रथम खरवडून काढावी लागते. अंगावर तेलकटपणा असेल तर तो साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. नंतर अस्तराचा हात द्यावयाचा, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, अस्तरावर धरतो. पावसाळी दमट हवेत फवाऱ्याने दिलेले अस्तर किंवा रोगण कधी कधी धुरकट होते, म्हणून जाणते लोक कोरडी हवा पाहूनच हे काम करतात. अस्तर वाळले की वस्त्र, कातडी, लोखंड, त्वचा यांचे मूळ रंग भरावयाचे. रंग पाण्याने इतका पातळ करावयाचा, की कोरीव काम बुजता कामा नये. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, हा या छंदातील पहिला धडा होय.

यापुढची पायरी नवख्याला चमत्कारिक वाटते. मूर्तीवर गडद आणि अतिशय पातळ रंग सोडतात. तो वस्त्राच्या चुण्यांत व चिलखताच्या खाचांत उतरतो आणि तेथे सावली पडल्याचा भास होतो. मग जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगात बुडवून, तो कागदावर पुसून, उंचवट्यांवरून अलगद फिरवितात. तेथे ऊन पडल्याचा भास होतो. शेवटी डोळे, पट्ट्याची कडी, तलवारीची धार अशा जागी टोकदार कुंचल्याने एकेक ठिपका ठेवावयाचा आणि वरून चमक न आणणारे रोगण द्यावयाचे.

मूर्तीला तर स्वतःची उंची-जाडी आहे. मग तिच्यावर सावली रंगविण्याचे कारण काय? कारण असे, की इंचभर उंचीच्या वस्तूवर दिव्याचा उजेड चहूबाजूंनी पडतो. पायघोळ झग्याच्या खऱ्या चुणीत जशी काळोखी दाटते, तशी अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीत दाटत नाही. हातभर अंतरावरून पाहिले तर सारी मूर्ती सपाट दिसते. आकार लहान झाला, पण उजेड त्या प्रमाणात बदलला नाही. म्हणून निसर्ग जी सावली देत नाही, ती रंगाऱ्याला द्यावी लागते.

लहान जागेत मोठे चित्र उठून दिसावे कसे, हा प्रश्न आपल्या देशातील खेळ-कारागिरांनी फार पूर्वीच सोडविला होता. त्यांचे उत्तर मात्र वेगळे होते. व्हाइटफील्डहून म्हैसूरच्या वाटेला लागले, की बेंगळुरू ओलांडल्यावर चन्नपट्टण लागते. तेथे पांढऱ्या, मऊ लाकडाची खेळणी कातावर उतरवितात. लाकूड गरगर फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. येथे कुंचला नाही आणि सावलीही नाही. येथे आहे तो एक शुद्ध रंग आणि एक शुद्ध आकार.

म्हैसूरला पोचावे तर तेथे आणखी एक आश्चर्य आहे. मुम्मडी कृष्णराज वाडियार यांचा राज्यकारभार इंग्रजांनी १८३१ साली आपल्या हाती घेतला. त्यानंतर या राजाने आपली बुद्धी विद्या, कला आणि खेळ यांत रमविली. बुद्धिबळातील घोड्याने पटावरील प्रत्येक घरात एकदाच जाऊन सारा पट फिरावा, या कोड्याचा त्यांना मोठा नाद होता. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या नावावरील प्रचंड सचित्र ग्रंथाच्या ‘कौतुकनिधी’ नामक भागात गंजिफांचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या प्रकारात तीनशे साठ पाने आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुपती भट्ट या चित्रकारांनी म्हैसूरच्या या गंजिफा पुन्हा रंगवून त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले.

गंजिफा हा शब्द मराठी श्रोत्याला परका नाही. सावंतवाडीचे नाव या शब्दाशी जोडलेले आहे. हा खेळ इराणकडून हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या राजाला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग, म्हणजे पानांचे आठ गट असत. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा, अशी बारा पाने मिळून एकूण शहाण्णव होत. हिंदू चित्रकारांनी याच चौकटीत दहा अवतार बसविले आणि एकशेवीस पानांचा दशावतारी गंजिफा तयार झाला. सावंतवाडीत या कलेला तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राजाश्रय मिळाला. ती चितारी मंडळींच्या हातात वाढली. याच मंडळींनी पांगाऱ्याच्या लाकडाची फळे आणि खेळणीही रंगविली, आणि चितार आळीचे नाव सर्वतोमुखी केले.

गंजिफाचे पान गोल असते. ते करावयाची रीत अशी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप द्यावयाचा, आणि गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठभाग तुळतुळीत करावयाचा. मग गोल चकत्या कापावयाच्या. पाठीमागे लाखेचा एकरंगी लेप असतो. तो सगळ्या पानांवर सारखाच हवा, कारण पाठीवर एक डाग वेगळा पडला तर पान ओळखू येऊन खेळ फसतो. पुढील बाजूस प्रथम त्या त्या रंगाची जमीन, तिच्यावर चिन्हे किंवा मूर्ती, आणि शेवटी बारीक रेषांची आखणी. राजेलोकांसाठी केलेल्या पानांना वेलबुट्टीची किनार असे, ती दरबारी पाने. सामान्यांसाठी साधी, ती बाजारी.

येथे थोडे गणित केले तर चिताऱ्याच्या श्रमाची कल्पना येईल. एका रंगात एकपासून दहापर्यंत चिन्हांची बेरीज पंचावन्न होते. दहा रंगांची मिळून साडेपाचशे. शिवाय दहा राजे आणि दहा वजीर, म्हणजे वीस मूर्ती. मत्स्यावताराच्या रंगात एकच मासा पंचावन्न वेळा काढावयाचा, आणि पहिला व पंचावन्नावा एकाच जातीचा दिसला पाहिजे. परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कूर्माचे कासव यांचेही तसेच. अशा कामात सावल्यांचा खेळ परवडत नाही आणि त्याची जरूरही नसते. गंजिफाचा चितारी सपाट, भडक रंग आणि न डगमगणारी रेषा यांवर विसंबतो. मासा दोन-तीन फटकाऱ्यांत उमटतो, पण तो मासाच आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. मूर्ती रंगविणारा छांदिष्ट सावली निर्माण करून आकार उठवितो, तर गंजिफाचा चितारी सावली वगळून तेच साधतो. दोघांचेही गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे हातभर अंतरावरून घाईने पाहणारा खेळाडूचा डोळा.

हा डोळा किती घाईत असतो, हे खेळ समजल्यावाचून कळणार नाही. दशावतारी गंजिफा तिघांनी खेळावयाचा, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का खालचा, उरलेल्या निम्म्यांत नेमके उलट. कोणती पाने गेली आणि कोणती उरली हे ध्यानात ठेवील तो जिंकेल. चाळीस पाने हातात पंख्यासारखी धरून त्यांतील पाचवे कोणते नि सातवे कोणते हे क्षणात उमगण्यासाठीच जमिनीचा रंग आणि चिन्हाची रेषा इतकी ठाम ठेवलेली आहे. चित्राचे सौंदर्य हे खेळाच्या गरजेतून निपजलेले आहे.

नेमकी येथेच या कलेची अडचण आहे. छापील बावन्न पानांचे जोड स्वस्त मिळू लागले आणि गंजिफा मागे पडल्या. सावंतवाडीत ही कला जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली. १९७१ साली राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा उपक्रम सुरू झाला, आणि नवे चित्रकार तयार होऊ लागले. एका संस्थानी घराण्याने वृद्ध कारागिराचे शिष्यत्व पत्करावे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या कला-इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

तथापि वाचली ती पाने. खेळ तितकासा वाचला नाही. आज गंजिफाचा जोड घेणारा बहुधा तो चौकटीत लावण्यासाठी घेतो. भिंतीवर दहा अवतार ओळीने शोभतात, पण भिंतीवरच्या पानाला सात आणि आठ यांतला फरक झटकन कळण्याची जरूर उरत नाही. ती गरज सरली, की रेषा हळूहळू सैल होते, किनार वाढत जाते, चिन्हाचे रूपांतर नक्षीत होते. हा दोष चिताऱ्याचा नव्हे. खेळणारा डोळा समोरून गेला, की कलेवरचा अंकुशही जातो.

व्हाइटफील्डमधील छंदाकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. त्या मूर्तींत कोणतीही प्राचीन परंपरा नाही, त्यांतील राक्षस आपल्या पुराणांतले नाहीत, आणि त्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. परंतु त्या रंगवून झाल्यावर पटावर उतरतात. मित्र जमतात, फासे पडतात, कोणाचा तरी वीर धारातीर्थी पडतो, आणि शेजारचा विचारतो, “ही ढालीवरची चमक कशी आणलीस?” विद्या अशाच प्रश्नांनी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. अर्थात या छंदातही एक धोका आहे. हौसेने विकत घेतलेल्या, पण कधीच न रंगविलेल्या मूर्तींचे डबे अनेकांच्या कपाटांत साठतात. विकत घेणे सोपे आणि रंगविणे कष्टाचे, हा न्याय सर्वत्र सारखाच.

गंजिफाला आज सर्वाधिक गरज आहे ती तीन खेळाडूंची. नियम फार अवघड नाहीत, आणि एकशेवीस पाने ओळखावयास काही संध्याकाळी पुरतात. ज्याला कुंचल्याची हौस आहे त्याने जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर स्वतः मासे आणि बाण काढून पाहावेत. पंचावन्न मासे काढल्यावर चिताऱ्याविषयी वाटणारा आदर कोणत्याही व्याख्यानाने निर्माण होणार नाही. आणि मग ती पाने भिंतीवर न टांगता चादरीवर टाकावीत. दिवस असेल तर रामाने आरंभ करावा, रात्र असेल तर कृष्णाने.